दोन मुखवटे, दोन जावा: आमच्या घरच्या गौरींचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरचं आहे, 2025 च्या गौरींचं. लिहायचं कारण एवढंच की गौरी करणारी घरातली बाईच विधवा झाली तर काय, ही वेळ आता बऱ्याच घरांवर येतेय आणि त्यावर एकतर भांडणं होतात नाहीतर सगळे गुपचूप काहीतरी उरकून टाकतात, नेमकं काय झालं ते कोणी सांगत नाही. नावं मुद्दाम घातली नाहीयेत, नात्यांवरूनच ओळखा.

आधी घर. आम्ही देशस्थ, सदाशिव पेठेत जुना वाडा, तीन भाऊ. गौरी उभ्याच्या, आमच्याकडे महालक्ष्म्याच म्हणतात, पितळी मुखवटे आणि पत्र्याच्या कोठ्या, म्हणजे साडी नेसवायचं धड. सासूबाई गेल्यापासून सगळा कुलाचार मोठ्या वहिनींच्या हातात. मधले दीर-जाऊ अमेरिकेत, आम्ही धाकटे कोथरूडला फ्लॅटमध्ये, दरवर्षी तीन दिवस वाड्यावर जायचो आणि वहिनी सांगतील ते करायचो. 2023 ला गौरी झाल्या आणि दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत मोठे दीर गेले, हार्ट अटॅक, काही कळायच्या आत. 2024 च्या गौरी वर्षाच्या आत आल्या म्हणून साध्याच केल्या, वाड्यातल्या शेजारच्या काकूंना बोलावलं, एक मुखवटा त्यांच्या हातात आणि एक माझ्या. वहिनी तिन्ही दिवस स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. तेव्हा कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही, वर्षाच्या आतलं आहे असं म्हणून सगळे गप्प.

मग 2025 ला वाडा बिल्डरकडे गेला. वहिनी आणि त्यांची मुलगी कर्वेनगरला भाड्याच्या घरात, तिथे जागा नाही, म्हणून मुखवट्यांची पेटी आणि कोठ्या आमच्याकडे आल्या. आणि जुलैमध्येच मधल्या जाऊबाईंनी अमेरिकेतून ग्रुपवर साधं विचारलं, यंदा महालक्ष्म्या कोण करणार. रात्रीपर्यंत कोणी उत्तर दिलं नाही. ज्या ग्रुपवर गुड मॉर्निंगला बारा जण फुलं टाकतात त्या ग्रुपवर.

प्रश्न काय होता ते स्पष्ट सांगते. घरात हे सगळं येणारी बाई एकच, मोठ्या वहिनी. आणि गौरींचं व्रत हे सवाष्णींचं व्रत समजलं जातं. त्याची जी कथा सांगतात ती अशीच आहे की असुरांच्या त्रासाला कंटाळून बायका आपलं सौभाग्य राखण्यासाठी गौरीला शरण गेल्या आणि तिने असुरांचा संहार केला. त्यामुळे आणताना सवाष्ण, जेवायला सवाष्ण, ओटी सवाष्णीची, हळदीकुंकू सवाष्णींचं. मग वहिनींनी करायचं काय? नुसतं पुरण वाटायचं?

ज्यांच्याकडे गौरी नसतात किंवा कोकणस्थांसारख्या खड्याच्या असतात त्यांच्यासाठी थोडक्यात. भाद्रपदात शुक्ल पक्षात अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठावर पूजन, मूळावर विसर्जन. सगळं नक्षत्रावर असल्यामुळे गणपतीच्या कितव्या दिवशी येणार ते दरवर्षी बदलतं. 2023 ला तिसऱ्या दिवशी आल्या, 2024 ला चौथ्या, 2025 ला पाचव्या, म्हणजे 31 ऑगस्टला रविवारी आगमन, सोमवारी पूजन, मंगळवारी विसर्जन. गौरी-गणपतीचं विसर्जन एकत्र करणाऱ्यांचा गणपतीही त्याप्रमाणे पाच, सहा नाहीतर सात दिवसांचा होतो. सोमवार-मंगळवारची सुट्टी टाकताना मॅनेजरला हे नक्षत्राचं गणित समजावणं हे एक वेगळंच प्रकरण आहे, ते असो.

सुरुवातीला आम्ही सगळ्यांनी हा प्रश्न चुकीच्या माणसासमोर ठेवला असं मला वाटतं. म्हणजे आम्ही धरूनच चाललो की अडवणार त्या माई. माई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, साताऱ्याला असतात, पंच्याहत्तरीच्या, सोवळंओवळं कडक, एकादशीला चहापण घेत नाहीत. त्यांना कसं पटवायचं यावर माझी पुतणी, म्हणजे वहिनींची मुलगी, अख्खी तयारी करून बसली होती. हेरवाडचा ठराव तिने काढून ठेवला होता, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड, तिथल्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि मग राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करा म्हणून परिपत्रक काढलं. वर तिचं म्हणणं की आपण राहतो कर्वेनगरला, जातो-येतो कर्वे रोडवरून, ज्या माणसाने 1893 ला विधवेशी लग्न केलं आणि 1896 ला विधवांसाठी आश्रम काढला त्याचं नाव रोज रिक्षावाल्याला सांगतो आणि माझी आई मात्र गौरीपुढे बसायची नाही, हे काय आहे?

बरोबरच होतं तिचं. पण फोन लावला तर माई म्हणाल्या, "मग दुसरं कोण करणार? धाकटीला ज्येष्ठा कुठली नि कनिष्ठा कुठली ते तरी कळतं का?" धाकटी म्हणजे मी, आणि ज्येष्ठा-कनिष्ठा म्हणजे दोन गौरी. मला कळत नव्हतं, खोटं कशाला बोलू. पुढे माईंनीच सांगितलं की त्यांच्या लहानपणी वाड्यात लाल आलवण नेसलेल्या, म्हणजे विधवा, एक लांबच्या आत्या होत्या, देवाचा सगळा स्वयंपाक सोवळ्यात त्याच करायच्या, त्यांच्या हातचं पुरण देवीला चालायचं आणि आरतीला मात्र त्या माजघराच्या दाराआड उभ्या. "तेव्हाही मला ते कळलं नव्हतं," एवढं बोलून त्यांनी विषय बदलला.

गुरुजींनाही विचारलं. ते म्हणाले कुलाचार घराचा असतो, संकल्प घरातल्या कोणीही करावा, मी मंत्र तेच म्हणणार आहे. हे त्यांचं मत, दुसरे गुरुजी दुसरं सांगतील, पुण्यात गुरुजींना तोटा नाही, आणि हवं असेल तर ज्ञानप्रबोधिनीत शिकून पौरोहित्य करणाऱ्या बायकाही आहेत. तो पर्याय पुतणीने लगेच पुढे केलाच होता. पण पूजा सांगणारं कोण हा आमचा प्रश्नच नव्हता.

तर माई तयार, गुरुजी तयार, नवरा आणि दीर तर काय, त्यांना जेवायला किती वाजता बसायचं एवढंच माहीत हवं असतं. आणि नाही म्हणाल्या त्या स्वतः वहिनी.

सरळ नाही. "मी सगळं करून देते, पण मुखवट्याला हात लावणार नाही, पूजेला बसणार नाही." पुतणीने हेरवाड काढलं तर म्हणाल्या, "तो ग्रामपंचायतीचा ठराव आहे, आपण महानगरपालिकेत राहतो." मग ती कहाणीवर आली, की अगं गौरीच्या कहाणीत त्या गरीब ब्राह्मणाला तळ्याकाठी भेटते ती म्हातारीच ना, तिला तो घरी आणतो, ती घावन-घाटलं मागते, मग खीर मागते, गाई-म्हशी येतात, म्हणजे देवी स्वतः एक निराधार म्हातारी होऊन येते. वहिनींना कहाणी तोंडपाठ आहे. "म्हातारी सवाशीण भेटली असं आहे त्यात, नीट वाच," असं म्हणून त्या गवारी मोडायला लागल्या. संपलं.

इथे आम्ही काही दिवस अडकलो. मी सरळ सोपा मार्ग काढायच्या बेतात होते, की मी आणि नवरा पूजेला बसतो, वहिनी स्वयंपाक बघतील, गेल्या वर्षीसारखं. पण कामाची यादी करायला बसले तेव्हा लक्षात आलं की यातलं मला काय येतं? पूजा हा त्यातला सगळ्यात सोपा भाग, गुरुजी सांगतात ते करायचं. अवघड सगळं त्याच्या आधी आणि नंतर आहे. कोठीत धान्य किती आणि कुठलं, आधी पाच ओंजळी कोणी घालायच्या, खांद्यासाठी काठी कुठे बांधायची, पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य तो मेथीचा की शेपूचा, सोळा भाज्या वेगवेगळ्या की एकत्र, आंबील कधी लावायची, पडवळ कशात, तिसऱ्या दिवशी सोळा पदरांच्या दोऱ्याला सोळा गाठी मारताना हळद ओली की कोरडी. हे कुठेच लिहिलेलं नाही. तुळशीबागेत, बोहरी आळीत आता हातपायांसकट अख्ख्या तयार गौरी मिळतात, साडी शिवलेली, नुसतं उभं करायचं. मी हळूच सुचवून बघितलं. वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मग मुखवटे उजळायचा दिवस आला, गणपतीच्या आधीचा रविवार. आमच्या किचनमध्ये जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून वहिनी आणि पुतणी बसलेल्या, चिंच भिजवलेली, मीठ, जुना टूथब्रश. मी म्हटलं तुम्ही मुखवट्याला हात लावणार नव्हता ना, तर म्हणाल्या प्रतिष्ठा झाली की देवी, आत्ता पितळच आहे. घासता घासता त्या कनिष्ठेच्या नथीपाशी थांबल्या. नथीची तार जरा वाकलेली. आणि खाली बघतच बोलल्या की 2023 ला गौरी हलवताना हा मुखवटा माझ्या हातून सटकला होता, कोणाला सांगितलं नाही, पाटावर आपटला, तेव्हा ही नथ वाकली. आणि पुढच्या महिन्यात हे गेले.

आम्ही दोघी गप्प. पुतणीकडे ठराव होता, कर्वे होते, सगळं होतं, यावर काही नव्हतं. जवळजवळ दोन वर्षं ही बाई हे मनात घेऊन बसली होती आणि आम्ही तिला समाजसुधारणा ऐकवत होतो. "माझ्या हातून पुन्हा काही झालं आणि वर्षभरात घरात काही कमीजास्त झालं तर तुम्ही कोणी म्हणणार नाही, पण मलाच वाटत राहील," असं त्या म्हणाल्या. मला वाटतं अशा घरांमध्ये जो नकार येतो त्यातला बराचसा हाच असतो, शास्त्र नंतर शोधलं जातं.

तेवढ्यात माईंचा व्हिडिओ कॉल आला, त्यांना मुखवटे बघायचे होते. पुतणीने फोन धरला आणि, तिला मानलं पाहिजे, जे आत्ता झालं ते जसंच्या तसं आत्याला सांगून टाकलं. वहिनी चिडल्या. माईंनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, ज्येष्ठेची हनुवटी दाखव. दाखवली. हनुवटीखाली पोचा आहे, आम्ही सगळ्यांनी कायम बघितलेला, जुनं पितळ म्हटल्यावर पोचे असणारच. तर तो पोचा सासूबाईंच्या हातचा. माई शाळेत असताना सासूबाई मुखवटा घेऊन वाड्याचा जिना उतरत होत्या, पाय घसरला, मुखवटा पायऱ्यांवरून गडगडत अंगणात. तांबट आळीतून ठोकून आणला तरी खूण राहिली. "आणि तुझे सासरे त्यानंतर चाळीस वर्षं जगले, रोज पर्वतीला चढून जायचे, आईला शेवटपर्यंत जाच करत," असं म्हणून माई हसायला लागल्या. वहिनी हसल्या नाहीत. अंगठा त्या पोच्यावर फिरवला, चिंच लावली आणि घासत राहिल्या. होही म्हणाल्या नाहीत.

शनिवारी रात्री साड्या नेसवल्या. हे जवळून बघण्यासारखं असतं. कोठीच्या वरच्या कडेला आडवी काठी, तिला जुना पंचा गुंडाळून खांदे, मधे उशीचा अभ्रा दुमडून कंबर. मिऱ्या आधी पलंगावर पाडून घ्यायच्या, चार बोटांच्या, एकसारख्या, त्यावरून इस्त्री. वहिनींच्या ओठात चार सेफ्टी पिना, त्यामुळे सगळ्या सूचना हूं-हूं मध्ये, आणि मी कोठी धरून उभी. काठ फरशीला टेकवायचा नाही, दोन बोटं वर, नाहीतर रांगोळी लागते. ज्येष्ठेला हिरवी, कनिष्ठेला मोतिया. पदराला त्यांनी वेळ लावला, कारण मुखवटा बसल्यावर तो डोक्यावरून घ्यायचा असतो आणि आत्ता मुखवटा नाहीये, म्हणजे नसलेल्या डोक्याचा अंदाज घेऊन कापड सोडायचं. तिथे त्यांनी मला पिना दिल्या आणि म्हणाल्या दुसरीचं तू कर. दोनदा सोडून पुन्हा केलं.

रविवारी आगमन. लिफ्टच्या दारापासून आमच्या दारापर्यंत पुतणीने पावलं काढली, शेजाऱ्यांनी त्यांचा चपलांचा स्टँड स्वतःहून आत घेतला. ठरल्याप्रमाणे एक मुखवटा माझ्याकडे आणि दुसरा पुतणीकडे, कुमारिका चालते. दोन ताम्हनांत मुखवटे, खाली तांदूळ. वहिनी दारात, हातात ओवाळायचं ताट नाही, नुसत्या उभ्या. आणि ऐनवेळी पुतणीने दुसरं ताम्हन उचललंच नाही, तिने थाळी आणि पळी उचलली आणि म्हणाली, थाळी कोण वाजवणार मग, माझ्याशिवाय कोणाला ठेका येतो का. ताम्हन चपलांच्या स्टँडच्या जागी पाटावर. मी एक हातात घेऊन उभी. कोणी काही बोललं नाही, मीही नाही, कारण मला माईंचं एक वाक्य आठवत होतं, की मुखवटे दोन आणि जावा दोन, यात विचारायचं काय. वहिनी पुढे आल्या, पदर खोचला आणि ताम्हन उचललं. इतकं घट्ट धरलेलं की नंतर बोटांवर कडेचे वळ होते.

मग नेहमीचं. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर दूध-पाणी, आणि आत येताना "गौरी आली", "कशाच्या पावली?", "सोन्याच्या पावली", असं करत किचन, कपाट, तिजोरी म्हणून माझं लॅपटॉपचं ड्रॉवर, गॅलरीतली तुळस, सगळं घर दाखवलं. विचारायचं काम नवऱ्याचं होतं, तो दर वेळी चुकीच्या जागी विचारत होता. वाड्यात चौदा दारं होती, इथे दोन खोल्यांमध्ये दोन मिनिटांत संपलं, म्हणून पुतणीने बाथरूमपण दाखवूया का विचारलं आणि आईच्या हातचा धपाटा खाल्ला.

सोमवारचं पूजन सोप्पं गेलं. संकल्पात गुरुजींनी सहकुटुंब म्हटलं, पाटावर मी आणि वहिनी शेजारी शेजारी बसलो, नवरा मागे. सोळा भाज्या मंडईतून आणल्या, तिथे सरळ सोळांचा वाटाच मिळतो, त्यात रताळं घातलं होतं की नाही यावर थोडा वाद. पुरणपोळी, कटाची आमटी, पंचामृत, पडवळाची कढी.

पण सगळं जमलं असं नाही आणि ते मुद्दाम लिहितेय. ओटी वहिनींनी भरली नाही, मीच भरली. संध्याकाळी हळदीकुंकवाला सोसायटीतल्या बायका आल्या तेव्हा वहिनी पुन्हा किचनमध्ये. एक काकू करंडा घेऊन मला विचारतात, आत आहेत त्यांना लावायचं का? वाईट हेतू नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. मी हो म्हटलं, त्या आत गेल्या, आणि वहिनींनी हळद लावून घेतली, कुंकवाला हात आडवा धरला. काकूंना अवघडल्यासारखं झालं, वहिनींनी त्यांना करंजी दिली. जेवायला सवाष्ण आणि कुमारिका नेहमीप्रमाणे होत्या, त्यांच्याच पंगतीत वहिनींच्या भजनी मंडळातल्या एक मैत्रीण बसल्या, त्यांचेही यजमान नाहीत. ही कल्पना वहिनींचीच. पुतणी म्हणते हा अर्धवटपणा आहे, पूजेला बसतेस आणि कुंकू नको. असेल. मला तिच्यासारखं वाटत नाही. कुंकू नको म्हणणं हा त्यांचा आणि दादांचा, म्हणजे गेलेल्या मोठ्या दिरांचा, विषय आहे, त्यात कुलाचाराचा काही संबंध नाही, आणि पुढे ढकलून बसवलेली बाई आणि मागे ढकलून ठेवलेली बाई यात मला फारसा फरक दिसत नाही.

मंगळवारी गौरी हलवताना त्यांनी कनिष्ठेचा मुखवटा मला धरायला लावला आणि खालून स्वतःचे हात ठेवले. दोऱ्याच्या गाठी त्यांनीच मारल्या. हळद ओली असते, आता मला माहीत आहे. नथ मात्र त्यांनी सरळ करून घेतली नाही, मी सोनाराकडे नेते म्हटलं तर राहू दे म्हणाल्या.

सध्याची परिस्थिती अशी आहे. पेटी आमच्या माळ्यावर आहे. मधल्या जाऊबाईंनी 2026 साठी चांदीचे मुखवटे करूया, पैसे मी पाठवते असं लिहिलंय, त्याला वहिनींनी ग्रुपवर अंगठा न दाखवता सरळ फोन करून नाही सांगितलं. ओटीचं काय करायचं ते ठरलेलं नाही. 2026 ला चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे आणि माई म्हणतात यंदा गुडघे काहीही म्हणोत, मी आठ दिवस आधी येऊन बसते, मग तो ओटीचा विषय माझ्यासमोर काढा.